भीतीचे मोजमाप

एखादा खटला निकालात निघतो, पण त्यावरचा वाद काही निकालात निघत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा गावच्या खटल्याचे असेच झाले. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी तिथल्या बारा ज्यूरींनी काइल रिटनहाउस या अठरा वर्षांच्या मुलाला सर्व आरोपांतून निर्दोष सोडले. त्याला आता काही वर्षे लोटली. तरी अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांपुढे हे नाव काढून पाहा. माझी भाची शिकागोच्या एका उपनगरात राहते. "मामा, तो मुलगा खुनी आहे आणि कोर्टानं त्याला मोकळा सोडला," हे तिचे मत. तिच्या नवऱ्याचे म्हणणे, "अंगावर धावून आलेल्या माणसाला काय हार घालायचा?" दोघेही शिकलेले, दोघेही शांत स्वभावाचे, आणि या एका विषयावर दोघांनी घरात बोलायचे नाही असा त्यांच्यात ठराव झालेला आहे. मी तिकडे गेलो तेव्हा तो ठराव मोडला, कारण मी विचारले. निवृत्त माणसाला प्रश्न विचारण्याखेरीज दुसरे काम नसते.

त्या घरात मला जाणवले ते असे, की दोघे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत नव्हते. ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. आणि हा घोळ केवळ आमच्या घरातला नाही.

आधी घडले काय ते सांगतो. केनोशा हे मिशिगन सरोवराच्या काठचे, शिकागो आणि मिलवॉकी यांच्या मधले, लाखभर वस्तीचे गाव. एके काळी मोटारीच्या कारखान्यावर जगणारे. आपल्या गिरणगावासारखीच त्याचीही कहाणी, कारखाने गेले आणि माणसे राहिली. २३ ऑगस्ट २०२० रोजी तिथल्या एका गोऱ्या पोलिसाने जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर सात गोळ्या झाडल्या. तो वाचला, पण कंबरेखाली लुळा झाला. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूला तेव्हा तीनच महिने झाले होते. गावात निदर्शने झाली, रात्री जाळपोळ झाली. मोटारविक्रीच्या एका आवारातल्या गाड्यांची राख झाली. हा व्यवसाय भारतीय वंशाच्या एका कुटुंबाचा होता, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. २५ तारखेला याच कुटुंबाच्या दुसऱ्या जागेची राखण करायला काही हौशी बंदूकधारी जमले. त्यांच्यात शेजारच्या इलिनॉय राज्यातल्या अँटिऑक गावचा सतरा वर्षांचा रिटनहाउस होता. खांद्याला लष्करी बनावटीसारखी रायफल, कंबरेला प्रथमोपचाराची पिशवी. आम्हाला मालकांनी बोलावले, असे ही मंडळी सांगत होती. त्या कुटुंबातल्या दोघा भावांनी मात्र कोर्टात शपथेवर सांगितले, की आम्ही कोणालाही राखणीला बोलावले नव्हते.

मध्यरात्रीच्या सुमारास एक माणूस रिटनहाउसच्या मागे धावला. त्याच्या हातात शस्त्र नव्हते. मागे कोणीतरी तिसऱ्यानेच हवेत गोळी झाडली. मुलगा वळला आणि एका सेकंदाच्या आत त्याने चार गोळ्या झाडल्या. तो माणूस मेला. मुलगा रस्त्याने पळाला, मागे जमाव. तो पडला, एकाने लाथ मारली, त्याच्यावर दोन गोळ्या झाडल्या, त्या चुकल्या. दुसऱ्याने हातातल्या स्केटबोर्डने मारले आणि रायफल ओढली. छातीत गोळी लागून तोही मेला. तिसऱ्याच्या हातात पिस्तूल होते. त्याच्या दंडात गोळी लागली, तो वाचला. सगळ्या मिळून आठ गोळ्या. मग हात वर करून हा मुलगा पोलिसांच्या गाड्यांकडे चालत गेला आणि पोलिसांच्या गाड्या त्याच्या शेजारून पुढे निघून गेल्या! तो घरी गेला आणि आपल्या गावी पोलिसांच्या स्वाधीन झाला.

मेलेले दोघे आणि जखमी तिसरा, तिघेही गोरे होते. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या परिचयातल्या निम्म्या लोकांची अजून समजूत आहे की त्याने कृष्णवर्णीयांना मारले. खुद्द अमेरिकेतही अशी समजूत असलेले पुष्कळ होते. त्याने रायफल दुसऱ्या राज्यातून आणली, हेही असेच पसरलेले. प्रत्यक्षात ती केनोशातच एका मित्राच्या घरच्या तिजोरीत ठेवलेली होती. स्वतः बंदूक विकत घेण्याचे त्याचे वय नव्हते म्हणून मित्राने त्याच्या पैशांनी ती घेतलेली. या गोष्टींनी निकालात फरक पडत नसेल, पण ज्याला खटल्यावर मत द्यायचे त्याला निदान मयत कोण एवढे तरी ठाऊक असावे.

आता कायदा. विस्कॉन्सिनमध्ये आरोपीने आत्मसंरक्षणाचा थोडासा जरी पुरावा पुढे केला, की मग ते आत्मसंरक्षण नव्हते हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. आपल्याकडे उलट आहे: अपवादाचा फायदा ज्याला हवा त्याने तो दाखवायचा. मात्र आपली न्यायालये आरोपीकडून तेवढा कडक पुरावा मागत नाहीत, त्याची बाजू अधिक संभवनीय वाटली तरी पुरते. ज्यूरींपुढचा प्रश्न एवढाच होता: त्या क्षणी, त्या जागी, आपला जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल असे त्या मुलाला वाटले का, आणि तसे वाटणे वाजवी होते का? सात बायका आणि पाच पुरुष यांनी चौथ्या दिवशी सांगितले, की हे वाजवी नव्हते असे सरकारने सिद्ध केलेले नाही. मी या खटल्याचे जे काही वाचले-पाहिले त्यावरून मला वाटते, की समोर ठेवलेल्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर बरोबर होते. भाचीला हे आवडले नाही. पण जखमी झालेल्या तिसऱ्या माणसानेच उलटतपासणीत कबूल केले, की आपण पिस्तूल त्याच्या दिशेने रोखून पुढे सरकलो तेव्हा त्याने गोळी झाडली. सरकार पक्षाच्या साक्षीदाराने असे सांगितल्यावर सरकारी वकिलाने काय करायचे?

बंदुकीच्या आरोपाची गंमत तर बँकेत परिपत्रके वाचण्यात आयुष्य घालवलेल्या माणसालाच पुरती कळेल. अठरा वर्षांखालच्या मुलाने घातक शस्त्र बाळगू नये, असा तिथला कायदा. त्याला एक पोटकलम, पोटकलमाला अपवाद, अपवादात शिकारीच्या कायद्याचा हवाला. सगळे मिळून अर्थ असा निघाला, की बंदुकीची नळी आखूड असेल तरच गुन्हा. नळी आखूड नाही हे सरकार पक्षालाही मान्य करावे लागले आणि न्यायाधीश ब्रूस श्रोडर यांनी तो आरोपच काढून टाकला. शिकारीचा छंद असलेल्या मुलांच्या सोयीसाठी लिहिलेले वाक्य दंगलीच्या रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या कामी आले.

पण भाचीचा प्रश्न शिल्लक राहतोच. तिचा प्रश्न त्या काही सेकंदांचा नाही, त्या रात्रीचा आहे. सतरा वर्षांचा मुलगा संचारबंदीत रायफल घेऊन परगावच्या रस्त्यावर उभा राहतो आणि पोलीस त्याच्या गटाला पाण्याच्या बाटल्या देऊन आभार मानतात, हे चित्रफितीत आहे. त्याच्या जागी कृष्णवर्णीय मुलगा असता तर पाणी मिळाले असते का, असे ती विचारते. मला याचे उत्तर द्यायला अवघड जात नाही. ज्यूरींना मात्र ते विचारलेले नव्हते, आणि विचारता आलेही नसते.

घड्याळ कुठून सुरू करायचे, हा खरा तंटा आहे. मागे धावण्यापासून सुरू केले तर तो घाबरलेला पोर आहे. तिजोरीतून रायफल काढण्यापासून सुरू केले तर तो संकटाला आमंत्रण देणारा आहे. ब्लेकवरच्या गोळ्यांपासून सुरू केले तर त्याहून निराळे. सरकार पक्षाने घड्याळ थोडे मागे नेण्याचा प्रयत्न केला. मुलाने आधी बंदूक रोखून चिथावणी दिली, असे म्हणून त्यांनी आकाशातून ड्रोनने घेतलेले अंधुक चित्रण मोठे करून दाखवले. न्यायाधीशांनी चिथावणीचा विचार करण्याची मुभा ज्यूरींना दिलीही. पण त्या चित्रात नेमके काय दिसते, आणि चित्र मोठे करताना यंत्र मधले ठिपके स्वतःच्या मनाने भरते का, यावरच वकिलांची जुंपली.

बँकेच्या कायद्यात हा घड्याळाचा प्रश्न फार पूर्वी सुटला आहे, आणि मला तो उपाय शहाणपणाचा वाटतो. चोरलेला धनादेश खातेदाराने खात्यात भरला, बँकेने तो वसूल करून पैसे दिले, तर बँकेला संरक्षण मिळते. अट अशी की तिने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता काम केलेले असावे. आता काउंटरवरच्या कारकुनाने त्या दिवशी सगळे नियम पाळले असले तरी न्यायालय तेवढ्यावर थांबत नाही. हे खाते उघडले कोणी, ओळख कोणाची घेतली, ओळख देणाऱ्याची चौकशी केली का, असे विचारत ते कित्येक महिने मागे जाते. खाते उघडताना डोळे मिटले असतील, तर वसुलीच्या दिवशीच्या सावधपणाने बँक सुटत नाही. लाखभर रुपयांच्या धनादेशासाठी आपण घड्याळ इतके मागे नेतो. दोन माणसांच्या जिवासाठी ते तासभरसुद्धा मागे नेऊ नये, हे मला पटत नाही. निकाल बरोबर आणि कायदा तोकडा, असे माझे मत आहे. आणि ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात बोलता येतात, असे मी भाचीला आणि तिच्या नवऱ्याला सांगून पाहिले. दोघांनीही मला फितूर ठरवले.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. घड्याळ फार मागे नेले, तर कोणाचाच बचाव उरत नाही. रात्री उशिरा एकटी का गेलीस, असे विचारणाऱ्या लोकांची आपल्याकडे वाण नाही. जिथे जायला बंदी नाही तिथे गेल्याबद्दल आणि जे बाळगायला बंदी नाही ते बाळगल्याबद्दल माणसाचा स्वसंरक्षणाचा हक्क काढून घ्यायचा का? आपल्या दंडविधानाचा मसुदा करताना मेकॉलेने हा हक्क मुद्दाम सैल ठेवला, कारण इथल्या लोकांनी अन्याय मुकाट्याने सोसू नये, असे त्याचे म्हणणे होते. १८६० च्या दंडविधानातली ९६ ते १०६ ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली. गाभा तोच राहिला. हल्ला झाला तर माणसाने भेकडासारखे पळावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शनसिंग खटल्यात सांगितले. संकटात सापडलेल्या माणसाची कृती सोन्याच्या तराजूत तोलू नये, असेही आपल्या निकालांत अनेकदा येते. सोनेतारण कर्जाच्या टेबलावर मी चार वर्षे काढली आहेत. सराफ मूल्यांकनाला बसला की पंखा बंद करायला सांगायचा. वाऱ्याने काटा हलतो. दंगलीत पंखा बंद करता येत नाही, हे न्यायालयाला ठाऊक आहे. मात्र आपल्याच कलमांत दोन अटी आहेत: सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ होता तिथे हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही. पहिली अट घड्याळाला थोडा मागचा काटा देते.

या संदर्भात मला आमच्या शाखेचे गार्ड आठवतात. तालुक्याच्या गावची शाखा. गार्ड सातारकडचे, लष्करातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना हवालदार म्हणत. बारा बोअरची दुनळी आणि मोजकी काडतुसे, त्यांची नोंदवही. एकदा गावात कशावरून तरी दोन गटांत तणाव झाला आणि बाजारपेठेकडून जमाव यायला लागला. आमचे कॅशियर घाबरून म्हणाले, "हवालदार, दारात उभे राहा, बंदूक दिसू दे." हवालदारांनी बाहेरची जाळी ओढून कुलूप घातले, बंदूक आत नेली आणि स्वतः काठी घेऊन जाळीमागे बसले. नंतर चहा पिताना ते म्हणाले, "साहेब, चोर बंदूक बघून थांबतो. जमाव बंदूक बघून गोळा होतो." मग थोडे थांबून, "आणि गर्दीत बंदूक असली की आपल्याला एकच भीती राहते, कोणी ती हिसकावील याची. मग त्या भीतीनं गोळी सुटते." जमाव पुढे निघून गेला. त्या दिवशी कामकाज अर्ध्या तासाने उशिरा सुरू झाले, एवढीच आमच्या शाखेची हानी.

२०२१ साली रिटनहाउसने साक्षीच्या पिंजऱ्यात रडत रडत सांगितले ते वाचताना हवालदार आठवले. तो माणूस माझी बंदूक हिसकावील आणि मला मारील, अशी भीती वाटली, असे तो म्हणाला. मला ते खोटे वाटत नाही. पण मग त्या रात्रीचा सर्वांत मोठा धोका त्याने स्वतःच खांद्यावर टाकून आणला होता. बंदूक जपण्यासाठी बंदूक चालवावी लागली.

असे वाद नवे नाहीत. २२ डिसेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ या गोऱ्या माणसाकडे चार कृष्णवर्णीय तरुणांपैकी एकाने पाच डॉलर मागितले. त्याने पिस्तूल काढून चौघांनाही जखमी केले. एक कायमचा अपंग झाला. शहर गुन्हेगारीला इतके विटलेले होते, की पहिले काही दिवस त्याचा जयजयकारच चालला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने स्पष्ट केले, की आरोपीला मनापासून भीती वाटली एवढे पुरत नाही; ती समंजस माणसाला वाटण्याजोगी असली पाहिजे. नाहीतर जो जास्त भित्रा किंवा जास्त पूर्वग्रहाचा, त्याला जास्त सवलत. तरी १९८७ मध्ये ज्यूरींनी त्याला गोळीबारातून सोडले, फक्त विनापरवाना शस्त्राबद्दल दोषी धरले. पुढे १९९६ मध्ये, त्याच घटनेवर, दिवाणी दाव्यात ब्राँक्समधल्या दुसऱ्या ज्यूरींनी त्या अपंग तरुणाला ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई ठरवली. गेट्झने दिवाळे जाहीर केले. समंजस माणूस म्हणजे कोण, हे बऱ्याच अंशी तो कुठल्या वस्तीत राहतो यावर ठरते, असे या दोन निकालांवरून दिसते.

आपणही यातून गेलेलो आहोत. १९५९ चा नानावटी खटला आत्मसंरक्षणाचा नव्हता, झटापटीत गोळी सुटली असा बचाव होता. पण वर्तमानपत्रांनी आणि रस्त्यांनी निकाल आधी कसा लावायचा, हे मुंबईने तिथे पाहिले. 'ब्लिट्झ'ने नौदलाच्या त्या देखण्या कमांडरला नायक केले. ज्यूरींनी आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटले. सेशन्स जज्जांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. माझ्या वडिलांच्या पिढीतले लोक या खटल्यावर बोलताना मेलेल्या माणसाचे नाव क्वचितच घेत.

केनोशात तर नाव घेण्यावरच वाद झाला. निकाल लागेपर्यंत मेलेल्यांना 'बळी' म्हणायचे नाही, असा न्यायाधीशांचा जुना दंडक. बळी म्हटले की गुन्हा झाला हे गृहीत धरले जाते, हे त्यामागचे तर्कशास्त्र. ते मला मान्य आहे. पण पुरावा आला तर त्यांना 'दंगेखोर' म्हणायला त्यांनी बचाव पक्षाला मोकळीक दिली. मेलेला माणूस उठून हरकत घेऊ शकत नाही.

निकालानंतर जे झाले त्याची मला अधिक चीड आली. त्याच्या वीस लाख डॉलरच्या जामिनासाठी देणग्या जमल्या होत्याच. सुटल्यावर काही खासदारांनी त्याला आपल्या कार्यालयात उमेदवारीवर घ्यायची तयारी दाखवली, एका बाईंनी त्याला काँग्रेसचे सुवर्णपदक द्यावे असे विधेयक आणले, ट्रम्प त्याला भेटले. ज्यूरींनी गुन्हा सिद्ध झाला नाही एवढेच म्हटले होते. पदक कशाचे? दुसरीकडे, निकाल हाच वर्णद्वेष असे म्हणणाऱ्यांनी त्या बारा माणसांनी ऐकलेल्या साक्षीची दोन पाने तरी वाचली होती का, याचीही मला शंका आहे. आमच्या जावईबापूंनी वाचली होती. भाचीने चित्रफिती पाहिल्या होत्या. दोघांनी अदलाबदल करावी, असे मी सुचवले. त्यावर चहा आला.

मला त्या खटल्यात सगळ्यात जास्त विचार करायला लावले ते त्या तिसऱ्या माणसाने, ज्याच्या दंडाचा स्नायू गोळीने उडाला. तोही प्रथमोपचाराची पिशवी घेऊन आला होता, तोही सशस्त्र होता. त्याच्या साक्षीप्रमाणे, गोळीबार ऐकून आणि लोकांना धावताना पाहून त्याला वाटले, की हा मुलगा जमावावर गोळ्या झाडत सुटलेला आहे. म्हणजे त्यालाही भीती वाटली होती, आणि त्या गोंधळात ती वाजवी नव्हती असे कोण म्हणेल? त्याने आधी घोडा ओढला असता, तर त्या पिंजऱ्यात तो बसला असता आणि हाच कायदा त्याने सांगितला असता. हातात पिस्तूल असून त्याने गोळी झाडली नाही. कोणाचा जीव घ्यायला आपण तिथे गेलो नव्हतो, आपण तसले माणूस नाही, असे त्याने कोर्टात सांगितले.